पार्श्वभूमी : आर्थर रोली आणि खालच्या डिव्हिजनमधले ३८३ गोल

इंग्लिश लीगमध्ये सर्वांत जास्त गोल कोणाचे, असं विचारलं की ॲलन शिअररचं नाव पुढे येतं. त्याचे २६० गोल प्रीमिअर लीगमधले, आणि प्रीमिअर लीगचा हिशेब १९९२ पासून सुरू होतो. फुटबॉल लीग मात्र १८८८ पासून चालू आहे. तो सगळा काळ धरला तर पहिलं नाव आर्थर रोलीचं येतं : ६१९ सामने, ४३४ गोल. यांतले फर्स्ट डिव्हिजनमधले, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या गटातले, फक्त ५१. उरलेले ३८३ त्याने खालच्या डिव्हिजनमध्ये केले. विक्रम त्याचा असूनही तो विस्मरणात गेला, त्याचं कारण मला यातच दिसतं.

रोलीचा जन्म १९२६ चा, वुल्व्हरहॅम्प्टनचा. थोरला भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडचा आघाडीचा खेळाडू. १९४८ च्या एफए कप फायनलमध्ये जॅकने दोन गोल केले, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडकडून उत्तर आयर्लंडविरुद्ध एकाच सामन्यात चार. आर्थर वयात आला तेव्हा युद्धामुळे लीग बंद होती. युद्धकाळात सामने होत, पण त्यांतले गोल अधिकृत नोंदीत धरले जात नाहीत. १९४६ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तो वेस्ट ब्रॉमविच अल्बियनमध्ये होता. तिथे २४ सामन्यांत त्याचे जेमतेम चार गोल झाले. पुढे एवढा मोठा विक्रम करणाऱ्या माणसाची ही सुरुवात!

डिसेंबर १९४८ मध्ये तो फुलहॅमला गेला आणि चित्र पालटलं. उरलेल्या हंगामात त्याने १९ गोल केले आणि फुलहॅमने सेकंड डिव्हिजन जिंकली. १९५० मध्ये लेस्टर सिटीने त्याला घेतलं. अंगाने भारदस्त, डाव्या पायाची किक जबरदस्त. लेस्टरकडून लीगचे ३०३ सामने आणि २५१ गोल, म्हणजे दर सहा सामन्यांत जवळपास पाच. १९५६-५७ च्या हंगामात त्याने एकट्याने ४४ गोल मारले. लेस्टरसाठी एका हंगामातला तो उच्चांक आजही कायम आहे. त्या वर्षी लेस्टर सेकंड डिव्हिजनमध्ये पहिलं आलं आणि वर गेलं.

तरीही इंग्लंडच्या मुख्य संघात त्याला एकदाही घेतलं गेलं नाही. त्या वर्षांत नॅट लॉफ्टहाऊस, जॅकी मिलबर्न, टॉमी टेलर असे आघाडीपटू होते, हे खरं. पण वर्षानुवर्षं असा खेळणाऱ्या माणसाला एक सामनाही न मिळावा, हे मला आजही पटत नाही. खालच्या डिव्हिजनमधला गोल हलका समजण्याची वृत्ती त्यामागे असावी. वर गेल्यावर तो चालला नसता, असं म्हणावं तर १९५७-५८ मध्ये फर्स्ट डिव्हिजनमध्ये त्याने २५ सामन्यांत २० गोल केले होते.

आणि नेमक्या त्याच हंगामानंतर, ३२ व्या वर्षी, तो श्रूजबरी टाऊनला गेला. आज हे अजब वाटेल. त्या काळच्या व्यवस्थेत मात्र त्याला अर्थ होता. खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. जानेवारी १९६१ मध्ये ती उठली, त्याआधी ती आठवड्याला २० पौंड होती. फर्स्ट डिव्हिजनच्या नामांकित खेळाडूलाही त्यापेक्षा जास्त पगार देता येत नसे. मॅनेजरला हे बंधन नव्हतं, आणि श्रूजबरीने रोलीला खेळाडू आणि मॅनेजर अशी दोन्ही कामं दिली. थर्ड डिव्हिजनचे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट मोडून १९५८ मध्येच नवी थर्ड आणि फोर्थ डिव्हिजन करण्यात आली होती. श्रूजबरीच्या वाट्याला फोर्थ आली होती. पहिल्याच हंगामात रोलीने ३८ गोल केले आणि संघ थर्डमध्ये चढला.

श्रूजबरीचं तेव्हाचं मैदान, गे मेडो, सेव्हर्न नदीच्या काठावर होतं. नदीत पडलेला बॉल काढायला एक माणूस गोल बुट्टीसारखी छोटी होडी घेऊन बसलेला असे. अशा मैदानावर खेळणाऱ्या संघाने १९६०-६१ च्या पहिल्यावहिल्या लीग कपमध्ये फर्स्ट डिव्हिजनमधल्या एव्हर्टनला हरवून उपांत्य फेरी गाठली. त्याच हंगामाच्या अखेरीस, ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावर, रोलीने एव्हर्टनचा जुना आघाडीपटू डिक्सी डीन याचा ३७९ लीग गोलांचा विक्रम मोडला.

१९६५ मध्ये तो खेळायचा थांबला तेव्हा श्रूजबरीकडून त्याचे १५२ लीग गोल झाले होते. इंग्लंडचा आघाडीपटू जिमी ग्रीव्ह्जचे ३५७ लीग गोल सगळेच्या सगळे फर्स्ट डिव्हिजनमधले, म्हणून कुणी ग्रीव्ह्जला मोठा म्हटलं तर वाद नाही. पण चिखलाच्या मैदानांवर, जड बॉलने, १९४६ पासून १९६५ पर्यंत गोल करत राहणं हे कौशल्य वेगळं आहे आणि ते कमी दर्जाचं नाही.

हा विक्रम आता मोडणं कठीण आहे, कारण खालच्या डिव्हिजनमध्ये गोल करणारा माणूस आता तिथे राहतच नाही. आयव्हन टोनीने २०१९-२० मध्ये लीग वनमध्ये, म्हणजे आजच्या तिसऱ्या स्तरावर, पीटरबरोकडून २४ गोल केले आणि लगेच वरच्या स्तरावरच्या ब्रेंटफर्डने त्याला उचललं. ऑली वॉटकिन्सही असाच एक्झिटरहून ब्रेंटफर्डला आणि तिथून ॲस्टन व्हिलाला गेला. रोली मात्र १९६८ पर्यंत श्रूजबरीचा मॅनेजर राहिला. पुढे शेफिल्ड युनायटेड आणि साउथएंड सांभाळलं. साउथएंडला १९७२ मध्ये बढती मिळवून दिली. डिसेंबर २००२ मध्ये तो वारला.