हरकत आणि हुज्जत: मैदानाच्या कडेला उभ्या आई-बापांसाठी

पावसाळ्यात बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात दोन कामं एकदमच चालतात, शिवारात भांगलण आणि शाळांत क्रीडास्पर्धा. आधी क्लस्टर म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, मग तालुका, मग जिल्हा. या मैदानांवर मी वीसेक वर्षं पंच म्हणून शिट्टी वाजवली, बहुतेक कबड्डीत. तेवढ्या काळात पालकांचं एक वाक्य पाठ झालं: "आम्ही नुसती हरकत घेतली ओ सर." खरं तर हरकत कुणी घेतलेलीच नसायची. हुज्जत घातलेली असायची.

दोन्ही शब्द अरबीतून आलेले. हुज्जत म्हणजे मुळात पुरावा, युक्तिवाद. मराठीत येता येता त्यातला पुरावा गळाला आणि नुसता आवाज राहिला. हरकतीचं उलट झालं. मूळ अर्थ हालचाल, पण आपल्याकडे ती कागदावर जाऊन बसली. हरकत नोंदवतात, हुज्जत घालतात. फरक क्रियापदातच आहे म्हणा.

एक प्रसंग सांगतो. चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना, सकाळी पाऊस पडून गेलेला. फक्कीच्या रेषा लाल चिखलात विरघळलेल्या, आम्ही दोनदा पुन्हा मारलेल्या. शेवटची दोन मिनिटं उरली होती. एका चुणचुणीत पोरीनं चढाईत बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि परत आली. मी बोनसचा जादा गुण दिला नाही. बोनस मिळायला समोर निदान सहा बचावपटू लागतात, आणि एक पाय रेषेपलीकडे टेकला त्या क्षणी दुसरा हवेत असावा लागतो. मागचा पाय मला टेकलेला दिसला. तिचा बाप मैदानाच्या कोपऱ्यात, छत्री मिटून उभा होता. "काय बघूलालाय ओ सर? बोनस हाय की!" म्हणत तो थेट आत आला आणि त्यानं माझी कॉलर धरली. शर्टाचं वरचं बटण तुटलं, शिट्टी दोरीसकट चिखलात पडली.

तो बोनस होता की नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण रेषेच्या टोकाशी वाकून बघणाऱ्याला आणि कोपऱ्यातून तिरकं बघणाऱ्याला एकच पाय वेगळा दिसतो, एवढं मात्र सांगतो. आणि मुळात बोनस, पकड, स्पर्श झाला की नाही हे प्रश्न हरकतीचे नसतातच. पंचानं डोळ्यांनी बघून दिलेला तो निर्णय असतो. फुटबॉलच्या नियमावलीत तर पाचव्याच नियमात लिहिलंय की गोल झाला की नाही यासकट खेळातल्या घटनांबाबत रेफरीचा शब्द अंतिम. तिथं कितीही तावातावानं बोला, ती हुज्जतच.

मग हरकत कशावर? नियम चुकीचा लावला गेला तर. खेळाडूच्या वयाच्या दाखल्यावर शंका असेल तर. खेळाडू दुसऱ्याच शाळेचा असेल तर. वेळ कमी दिली, गुणपत्रकात बेरीज चुकली, यजमान शाळेचेच सर पंच म्हणून उभे केले तर. हे शेवटचं आपल्याकडे सर्रास होतं आणि पालकांचा राग त्यावर असेल तर तो रास्तच आहे. पण त्याची वेळ सामन्याआधीची. हरल्यावर ते आठवलं तर कोण ऐकणार?

हे सगळ्यात नीट बघायचं असेल तर व्हॉलीबॉल बघा. तिथं पंचाशी बोलायचा अधिकार एकट्या कर्णधाराला. तोही 'असं का दिलंत' एवढं स्पष्टीकरण मागतो, नियम कसा लावला यापुरतंच. उत्तर पटलं नाही तर त्याच वेळी सांगून ठेवायचं की आम्ही हरकत राखून ठेवतोय. मग खेळ पुढं सुरू, आणि सामना संपल्यावर गुणपत्रकावर दोन ओळी लिहायच्या. बारा-तेरा वर्षांचं पोरगं घामाघूम होऊन टेबलापाशी येतं आणि वाकड्यातिकड्या अक्षरात ते लिहितं, तेव्हा बाकड्यावरच्या मोठ्या माणसांनी ते जरूर बघावं. मॅटवरच्या कुस्तीत प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा आत टाकून व्हिडिओ बघायची मागणी करतो, आणि मागणी फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. हरकतीला किंमत मोजावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांतही हरकतीची फी भरून घेतात आणि हरकत टिकली नाही तर ती बुडते. हुज्जत मात्र फुकट, म्हणून तिला गर्दी.

क्रिकेटमधलं अपील कुठं बसतं, असं कुणी विचारेल. क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय पंच बाद देतच नाही. म्हणजे ते ओरडणं नियमातच बसतं. निर्णय आल्यावर पुन्हा ओरडलात की दुसरा नियम लागतो, गैरवर्तनाचा.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे, तो टाळून चालणार नाही. गुण कन्नडमध्ये पुकारला गेला आणि निर्णय मराठी शाळेविरुद्ध गेला, की बोनस रेषेची सीमारेषा व्हायला वेळ लागत नाही. "आमच्या पोरांवर मुद्दाम करूलालेत" हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. त्या दिवशी तर पंच मीच, जन्मानं आणि बोलीनं मराठी, तरी "विकला गेला" हे बिरुद मला मिळालंच. खरोखर भेदभाव झाला असेल तर तोही लिहून द्यायचा विषय आहे, तारीख, सामना आणि निर्णय यांसकट. अर्ज कन्नडमध्ये हवा म्हणाले तर शाळेतले कन्नडचे सर दहा मिनिटांत लिहून देतात. मैदानावर ओरडून सांगितलेल्या भेदभावाची नोंद कुठंच होत नाही. तिसऱ्या दिवशी तो फक्त चहाच्या टपरीवर उरतो.

तक्रार रास्त असली म्हणजे हुज्जतीची हरकत होते, असं मात्र समजू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेडिंग गावी जुलै २००० मध्ये मुलांचा आइस हॉकीचा सराव चालू होता. मुलं फार धसमुसळी खेळताहेत ही एका बापाची तक्रार, तीही सरावावर लक्ष ठेवणाऱ्या दुसऱ्या बापाकडे. तिचं पर्यवसान मारामारीत झालं, ती पोरांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि तो दुसरा माणूस मेला. २००२ मध्ये मारणाऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा ते दहा वर्षांची शिक्षा झाली. जरा विचित्र आहे ना, खेळ जास्त मारामारीचा होतोय म्हणून केलेली मारामारी? नेदरलँड्समधल्या अल्मेरे शहरात डिसेंबर २०१२ मध्ये स्वतःच्या मुलाच्या फुटबॉल सामन्यात हौसेनं लाइन्समन झालेल्या बापाला विरुद्ध संघातल्या पोरांनी तुडवलं. तोही वाचला नाही. पोरांबरोबर त्यातल्या एकाचा बापही दोषी ठरला, सहा वर्षांसाठी आत गेला.

आपल्याकडे गोष्ट बहुधा कॉलरपाशी थांबते. पण कायद्याच्या लेखी कॉलरही लहान नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दुखापत करण्याला कलम ११५ (२) खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि पंच सरकारी शाळेतले सर असतील, ड्युटीवर असतील, तर ते लोकसेवक ठरतात. मग कामावरच्या लोकसेवकावर हात टाकण्याचं कलम १३२ येतं, दोन वर्षांपर्यंत कैद. पोलीस ठाण्यात जायची वेळ येते तेव्हा गावातले चार शहाणे मध्ये पडून मिटवतात, ही गोष्ट वेगळी. मीही मिटवलंच.

इंग्लंडमध्ये फुटबॉल संघटनेनं २००८ पासून 'रिस्पेक्ट' मोहीम चालवली. त्यात पालकांनी मैदानाच्या बाजूला बांधलेल्या दोरीमागं उभं राहायचं. बाकी काही नाही, एक दोरी. आमच्याकडे मी आयोजकांना सुचवलं तेव्हा "सर, दोरी कोण जुमानतंय" असं उत्तर आलं. जुमानतात. गणपतीत जुमानतात की. आणि दोरीबरोबर एक गोष्ट आयोजकांनीही करावी: हरकत कुणाकडे, किती वेळात द्यायची, फी किती, हे फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवावं. दार कुठं आहे हे सांगितलं नाही तर माणूस भिंतीवर डोकं आपटणारच.

आता त्या पावसातल्या सामन्याचं उरलेलं. त्या पोरीचा संघ एका गुणानं हरला. गलका निवल्यावर संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी गुणपत्रक पुन्हा लावून बघितलं. पहिल्या डावातला त्यांचा एक पकडीचा गुण चढवायचाच राहिला होता. रकाना कोरा. गुणलेखक नवखा होता, चूक अगदी साधी, आणि मुदतीत कुणी लेखी दिली असती तर ती पाच मिनिटांत मान्य झाली असती. पण मुदतीचा तो सगळा वेळ त्यांच्या शाळेचे सर, संघाची कर्णधार आणि अर्धा गाव मिळून एका बापाला माझ्यापासून लांब ठेवत होते. गुणपत्रकाकडे कुणाचीच नजर गेली नाही. माझीही नाही.

कॉलर सुटल्यावर मी खाली बघितलं तर शिट्टी चिखलात नव्हती. ती पोरगी समोर उभी होती. तिनं शिट्टी उचलून आपल्या जर्सीच्या टोकाला पुसली, भोकात गेलेला चिखल फुंकून काढला आणि माझ्या हातात दिली. "घ्या सर. दीड मिनिट शिल्लक हाय," म्हणाली, आणि बापाकडे न बघता आपल्या जागी जाऊन उभी राहिली.