ॲलर्जीची औषधे : कोणते औषध नेमके कोठे काम करते?

पावसाळा ओसरत आला की साताऱ्याच्या आसपास रस्त्याकडेला आणि पडीक रानात गाजरगवत माजलेले असते, आणि त्याच सुमारास शिंका, नाक गळणे, डोळ्यांची खाज यांनी हैराण झालेली माणसे औषधाच्या दुकानात दिसू लागतात. दोष मात्र कास पठारावरच्या फुलांना दिला जातो. वास्तविक ज्या फुलांचे परागण कीटक करतात त्यांचे पराग बहुधा जड व चिकट असतात. वाऱ्यावर दूर जाऊन त्रास देतात ते मुख्यतः गवतांचे आणि गाजरगवतासारख्या तणांचे पराग.

हे पराग नाकात शिरले की तेथील मास्ट नावाच्या संरक्षक पेशींवर चिकटून बसलेली आयजीई नावाची प्रतिपिंडे त्यांना ओळखतात आणि त्या पेशींमधून शिंका व खाज आणणारे हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते. सर्दीची म्हणून मिळणारी बहुतेक गोळी हे हिस्टामिन जेथे जाऊन चिकटते ती जागा अडवते. क्लोरफेनिरामीनसारखी जुनी औषधे मेंदूतही पोचत असल्याने झोप आणतात, म्हणून ती घेऊन गाडी किंवा ट्रॅक्टर चालवणे धोक्याचे असते. सेटिरिझिनने गुंगी कमी येते, फेक्सोफेनाडिनने त्याहूनही कमी. फक्त फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, कारण मग ते नीट शोषले जात नाही.

या गोळ्यांनी शिंका आणि खाज थांबतात, पण चोंदलेले नाक फारसे मोकळे होत नाही, आणि खरी गल्लत येथेच होते. झायलोमेटाझोलीनचे थेंब रक्तवाहिन्या आकसून काही मिनिटांत नाक उघडतात, त्यामुळे तेच खरे औषध वाटते. परंतु पाचेक दिवसांपेक्षा जास्त वापरले तर थेंबांचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. याउलट फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या स्टेरॉइडांचा फवारा मूळ सूजच कमी करतो, पण त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. तो रोज मारावा लागतो, आणि मारताना नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला वळवावे लागते, नाहीतर नाकातून रक्त येऊ शकते. स्टेरॉइड या शब्दाच्या धास्तीने अनेकजण तो चार दिवसांत टाकून देतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण फवाऱ्यातून रक्तात जाणारी मात्रा अत्यल्प असते. रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे ही भीती वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांबाबत आणि इंजेक्शनांबाबत खरी आहे.

माँटेलुकास्ट हे आणखी एक औषध ॲलर्जीतल्या ल्युकोट्रिन या दुसऱ्या रसायनाला अडवते. झोप बिघडणे, उदासीनता, क्वचित आत्महत्येचे विचार अशा परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्याबाबतचा इशारा अधिक कडक केला, म्हणून ते स्वतःहून सुरू करू नये.

महाबळेश्वर परिसरात मधपेट्या सांभाळणाऱ्यांना वेगळीच काळजी घ्यावी लागते. मधमाशी चावल्यावर अंगभर गांध्या उठून श्वास अडकू लागला किंवा भोवळ आली, तर जीव वाचवणारे औषध एकच, ते म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलीन. गोळी गिळून वाट न पाहता १०८ वर फोन करावा. असा झटका एकदा येऊन गेलेल्यांसाठी मधमाशीच्याच विषाचे अल्प, वाढत जाणारे डोस देण्याचा उपचार असतो. तो साधारण तीन ते पाच वर्षे चालतो, चांगला परिणामकारक आहे, आणि प्रत्येक डोसनंतर अर्धा तास दवाखान्यातच, ॲड्रेनॅलीन हाताशी असताना, थांबावे लागते.