वायमारचे यिद्दिश संगीत शिबिर: नोंदणी सोपी, व्हिसा अवघड

जर्मनीच्या थ्युरिंगिया राज्यातील वायमार या शहरात दर उन्हाळ्यात ‘यिद्दिश समर वायमार’ भरते. त्यातील आठवडाभराच्या कार्यशाळांत पूर्व युरोपातील ज्यूंचे क्लेझमर संगीत, यिद्दिश गाणी, नृत्य आणि भाषा शिकवली जाते. त्यासाठी ज्यू असण्याची किंवा यिद्दिश येण्याची गरज नाही. इंग्रजी समजत असेल आणि कार्यशाळेच्या वर्णनात सांगितलेल्या पातळीइतके गाता-वाजवता येत असेल, तर नोंदणी करावी. (यिद्दिश ही आपल्या कोकणातील बेने इस्राएलींची भाषा असावी, असा समज अधूनमधून ऐकू येतो. त्यांची मातृभाषा मराठी आहे. यिद्दिश ही जर्मन कुळातील, पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी वेगळीच भाषा आहे.)

नोंदणी ऑनलाइन होते आणि तिच्यात अडणारे सहसा कोणी नसते. माणसे अडतात ती व्हिसापाशी. शिबिराचे शुल्क भरले म्हणजे व्हिसाचे निम्मे काम झाले, ही समजूत आधी मनातून काढून टाकावी. वकिलातीच्या दृष्टीने ती पावती इतर कागदांसारखाच एक कागद असतो. आठवडाभराच्या शिबिरासाठी शेंगेन क्षेत्राचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) अल्पमुदतीचा व्हिसा लागतो, विद्यार्थी व्हिसा नव्हे. व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून अर्ज-केंद्राचा सेवाआकार वेगळा द्यावा लागतो. व्हिसा नाकारला गेला तर हे शुल्क परत मिळत नाही.

सर्वाधिक घोटाळा होतो तो पंधरा दिवसांच्या नियमात. प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी अर्ज द्यावा, असा नियम आहे आणि लोक तीच तारीख धरून बसतात. प्रत्यक्षात ही अर्ज स्वीकारण्याची शेवटची मर्यादा आहे. निर्णयालाही साधारण १५ दिवस लागतात आणि अधिक चौकशीची गरज वाटली, तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. १८ जुलैला निघायचे असेल तर नियमाने ३ जुलैपर्यंत अर्ज चालतो, पण ४५ दिवसांचा हिशेब धरला तर तो ३ जूनपूर्वीच जायला हवा. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे मे महिन्यात भेटीची वेळ मिळणे कठीण होते. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच तो देऊन मोकळे व्हावे.

दुसरी अडचण खास आपली आहे, ती म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते, शिबिराच्या नोंदणीत माणूस फक्त नाव आणि आडनाव लिहितो, प्रवासाचा वैद्यकीय विमा लग्नाआधीच्या आडनावाने काढलेला असतो आणि बँकेच्या खात्यावर केवळ आद्याक्षरे असतात. चार कागदांवर चार नावे दिसली की तपासणाऱ्याने ती एकाच व्यक्तीची मानावीत, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. नोंदणी करतानाच पासपोर्टवरील नाव अक्षरशः उतरवावे आणि आयोजकांकडून येणाऱ्या पत्रात तेच नाव, कार्यशाळेचे शीर्षक, तारखा, ठिकाण, भरलेले शुल्क आणि निवासाची सोय यांचा उल्लेख मागून घ्यावा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा.

तिसरा प्रश्न अशा कागदाचा आहे, जो संगीतकारांकडे बहुधा नसतोच. नोकरदाराला कार्यालयाचे रजेचे पत्र आणि पगाराच्या पावत्या जोडता येतात. शिकवण्या घेणाऱ्या व्हायोलिनवादकाने काय जोडावे? व्हिसाच्या कागदपत्रांची यादी तयार करणाऱ्याच्या डोळ्यासमोर असा माणूस कधी नसतोच. त्याने आयकर विवरणपत्रे, बँकेचा शिक्का असलेले खातेउतारे आणि शिकवण्यांचे उत्पन्न सांगणारे, स्वतःच्या सहीचे निवेदन द्यावे. घरभाड्याचा करार, पुढच्या सत्राचे वेळापत्रक किंवा ठरलेल्या कार्यक्रमाचे पत्र अशा परतण्याच्या कारणांचे पुरावेही जोडावेत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक दोन लाख जमा झालेले दिसले, की उलट संशय वाढतो.

जर्मनीत राहणारा मावसभाऊ खर्च उचलणार असेल, तर त्याचे साधे पत्र पुरेसे नाही. त्याने तेथील परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन जबाबदारीचे अधिकृत हमीपत्र घ्यावे आणि त्याची मूळ प्रत इकडे पाठवावी. त्या कार्यालयातही भेटीची वेळ घ्यावी लागते, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी आणि पोहोचण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंतचा हवा. शिबिरानंतर दहा दिवस पॅरिसला राहण्याचा बेत असेल, तर अर्ज जर्मनीकडे करावा की फ्रान्सकडे, हे आधी ठरवावे. प्रवासाचा मुख्य हेतू किंवा सर्वाधिक मुक्काम ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो.

अर्जात हेतू लिहिताना ‘सादरीकरण’ हा शब्द सहज येतो, कारण शेवटच्या संध्याकाळी सगळे मिळून वाजवतात. शिकायला जाणे आणि मानधन घेऊन वाजवायला जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे मिळणार असतील तर ते लपवू नये, त्यासाठीचे नियम वेगळे आहेत. मिळणार नसतील तर तसे स्पष्ट लिहावे आणि आपल्याला हे संगीत का शिकायचे आहे, ते एका पानात सांगावे. उदाहरणार्थ, क्लेझमर मुख्यतः ऐकून शिकले जाते आणि गुरूसमोर बसून शिकलेल्या माणसाला ते का जवळचे वाटते, हे दोन वाक्यांत मांडता येते.

वाद्य नेणाऱ्यांनी विमानतळावर निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, नाहीतर परतताना ते वाद्य परदेशात विकत घेतले नाही, हे सिद्ध करत बसावे लागते. येथे गंमत अशी की अधिकारी अनुक्रमांक विचारतो आणि व्हायोलिनला बहुधा अनुक्रमांक नसतो, आतल्या चिठ्ठीवर कारागिराचे नाव असते. म्हणून त्या चिठ्ठीची, मानेची आणि पाठीची छायाचित्रे छापून सोबत ठेवावीत.

व्हिसा नाकारला गेलाच, तर कारणांचा छापील नमुना हाती येतो आणि त्यात लागू कारणांवर खूण केलेली असते. पूर्वी त्याविरुद्ध नकार देणाऱ्याच कार्यालयाकडे लेखी हरकत घेता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय बंद केली आहे. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणे किंवा नवे शुल्क भरून नव्याने अर्ज करणे, एवढेच उरते. नवा अर्ज करताना खूण केलेल्या कारणाला उत्तर देणारा नवा कागद जोडावा. जुनीच फाईल पुन्हा दिली, तर उत्तरही बहुधा तेच येते.