आधी दाणे, मग साखर, शेवटी तिखट

कढईतला दाणा गरम असतानाच तोंडात टाकला की तो मऊ लागतो. मग वाटतं, अजून कच्चा आहे, राहू दे आणखी चार मिनिटं. घरचे दाणे करपतात ते बहुतेक याच चार मिनिटांत. दाणा कुरकुरीत होतो तो गार होताना, आणि आच बंद केल्यावरही तो भाजत राहतो. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं आणि त्या तेलात साठलेली उष्णता आतून काम करतच असते. म्हणून हवा त्याहून एक छटा फिका असतानाच दाणा उतरवायचा आणि लगेच परातीत पसरायचा.

गोड-तिखट दाणे किंवा काजू घरी करताना बिघडतात, कारण आपण सगळं एकाच वेळी कढईत घालतो. दाणे, साखर आणि मिरची या तिघांना लागणारी आच मात्र अगदी वेगवेगळी आहे.

दाण्यापासून सुरुवात करू. शेंगदाणा खरं तर कडधान्याच्या कुळातला, मटार-हरभऱ्याचा भाऊबंद. कच्चा चावला तर तो कच्चट, शेंगेसारखा लागतो तो त्यामुळेच. भाजायला लागलं की आधी आतलं पाणी वाफ होऊन निघतं. ते निघेपर्यंत तापमान फारसं वर चढत नाही, आणि म्हणूनच पहिली काही मिनिटं नुसता झारा फिरवत राहावं लागतं, रंग काही बदलत नाही. पाणी सरलं की पृष्ठभाग 140 अंश सेल्सियसच्या आसपास पोचतो. मग प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि दाण्यातली थोडीशी साखर यांची गाठ पडते. लुई-कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली या अभिक्रियेचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, खरपूस कांदा, सगळीकडे तीच असते. दाण्यात तिच्यातून पायराझिन नावाची संयुगं तयार होतात आणि ज्याला आपण खमंग म्हणतो तो वास घरभर पसरतो.

खारे दाणे भाजणारा भट्टीवाला कढईत तापलेली वाळू किंवा मीठ घेतो, ते फार शहाणपणाचं आहे. रिकाम्या कढईत दाणा एका बिंदूवर टेकतो, तेवढाच डाग पडतो आणि बाकी अंग फिकं राहतं. वाळूत त्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता मिळते. घरी जाड मीठ चालतं. ते आधी चांगलं तापवायचं, मध्यम आचेवर दाणे परतायचे आणि चाळणीने वेगळे करायचे. मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं.

आता साखर. पाव किलो भाजलेल्या दाण्यांना साधारण 75 ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे पाणी पुरतं. कढईत पाक उकळला की दाणे घालून सतत हलवायचं. पाणी उडतं, आणि मग एकदम तो चकचकीत पाक पांढरा, कोरडा, वाळूसारखा होऊन दाण्यांना चिकटतो. पुष्कळ जण इथे घाबरतात, काहीतरी चुकलं असं वाटतं. पण पाक साखरला आहे, इतकंच. संक्रांतीच्या काटेरी हलव्याचे काटे असेच उभे राहतात. तिथे पाक थेंबाथेंबाने घालतात, म्हणून थरावर थर चढतो. संस्कृतात शर्करा म्हणजे खडे, रेती, हे मला अशा वेळी हमखास आठवतं.

इथे थांबलात तरी छान रवाळ दाणे मिळतात. काचेसारखं कवच हवं असेल तर मंद आचेवर हलवत राहायचं. रवा पुन्हा वितळतो आणि तपकिरी होतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कट्कन मोडला, की तापमान 150 अंशांच्या आसपास आहे आणि पाण्याचा अंश जेमतेम एक टक्का उरला आहे असं समजावं. गार झाल्यावर तयार होते ती खरोखर एक काच. तिच्यातल्या रेणूंची स्फटिकासारखी शिस्तशीर मांडणी नसते, ते जिथल्या तिथे गोठलेले असतात.

एका श्रावणात मी साखरेऐवजी गूळ घेतला होता. संध्याकाळी दाणे सुंदर झाले आणि सकाळी डब्यात एकच चिकट गोळा होता. साखरेची काच कोरडी असेल तर साठ-सत्तर अंशांपर्यंत कडक राहते. गुळात मात्र ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. कोरड्या ग्लुकोजची काच साधारण 31 अंशांवर मऊ पडते आणि फ्रुक्टोजची तर 5 अंशांवरच. त्यात फ्रुक्टोज हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं. लिंबाचंही तेच. आम्लामुळे साखर फुटून हीच दोन रूपं घेते. गुलाबजामचा पाक साखरू नये म्हणून लिंबू पिळतात ते योग्यच, पण इथे आंबटपणा हवा असेल तर शेवटी कोरडा आमचूर भुरभुरावा. गुळाची चव हवीच असेल तर चिक्कीचा गूळ घ्या, थंडीच्या दिवसांत करा.

तिखट मात्र कढई उतरवल्यावरच. तापलेल्या पाकात ते क्षणात करपतं, कडू होतं आणि घरभर ठसका उठतो. दाणे गरम आणि किंचित चिकट असतानाच एक चमचा तिखट आणि अर्धा चमचा बारीक मीठ वरून पेरायचं. मिरचीचा झणका ज्याच्यामुळे लागतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तेलकट दाण्यावर तिखट हळूहळू उमलतं, तर साखर जिभेला आधी भेटते आणि जळजळ थोडी शमवते. तिखटपणा मोजण्याची रीत विल्बर स्कोव्हिल यांनी सुचवली तीही 1912 सालीच. ही जळजळ म्हणजे चव नव्हे. जिभेवरचा जो संवेदना टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) सुमारे 43 अंशांवरची उष्णता ओळखतो, तोच कॅप्सेसिननेही जागा होतो. तो शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. म्हणूनच गरमागरम दाणे गार दाण्यांपेक्षा जास्त तिखट लागतात.

हीच रीत काजूला चालते, फक्त आच कमी ठेवायची. काजू आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर समुद्रमार्गे आपल्याकडे आली. काजूचं झाड गोव्याच्या वाटेने कोकणात रुजलं.

एका बाबतीत हात आखडता घेऊ नका. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशी धरलेला दाणा भाजण्याआधीच फेकून द्या. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक आहे आणि भाजण्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. शोध घेता घेता माग लागला तो त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत, आणि त्यातूनच हे विष ओळखलं गेलं.

डबा भरण्याची घाई नको. कोमट दाणे झाकले की त्यांची वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन खाली ठिबकतं आणि इतक्या मेहनतीने काढून टाकलेलं पाणी त्या काचेत परत शिरतं. परातीत हात घालून बघा. सगळ्यात खालचे दाणेही पूर्ण गार लागले, की मग भरा.