थेरपिस्ट घरी येते, पण शिकवायचं कुणाला?

वाढीत मागे पडणाऱ्या किंवा अपंगत्व असलेल्या लहान मुलांसाठी घरी जाऊन शिकवण्याची एक गाजलेली पद्धत सुरू झाली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेजमध्ये, १९६९ साली. वस्ती विखुरलेली, मुलांना रोज केंद्रात आणणं अवघड. म्हणून आठवड्यातून एकदा घरी जायचं, आईला एक कौशल्य करून दाखवायचं आणि आठवडाभर तिनं ते मुलाकडून करून घ्यायचं. भारतातल्या विशेष शिक्षणानंही पुढे ही मांडणी उचलली.

आपल्याकडे सरकारी पातळीवरची मोठी हालचाल फेब्रुवारी २०१३ मधली. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या आरोग्य तपासणीचा देशव्यापी कार्यक्रम पालघरमधून सुरू झाला, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पण त्यातली उपचारांची बाजू जिल्हा केंद्रावर बेतलेली, म्हणजे मूल घेऊन तिथे जायचं. २०१८ पासून आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊ लागल्या, तरी ती थेरपी नव्हे. ठाणे-नवी मुंबईत थेरपी घरापर्यंत आली ती मुख्यतः खासगी फीवर.

२०२० च्या टाळेबंदीत थेरपिस्ट मोबाइलच्या पडद्यावर गेली आणि मुलाला हात लावणारे फक्त घरचेच उरले. निर्बंध उठल्यावर खरा वाद सुरू झाला. थेरपिस्टनं मुलाला स्वतः हाताळायचं, की बाजूला बसून घरच्यांचं बघायचं? ‘तासाचे पैसे तुम्ही घेणार आणि व्यायाम आम्हीच करून घ्यायचे?’ हा प्रश्न पालक उगाच विचारत नाहीत. घरच्यांनाच शिकवण्याच्या या पद्धतीला कोचिंग म्हणतात, आणि सूचनांचा कागद देऊन पाऊण तासात निघून जाण्यालाही काही जण कोचिंग म्हणतातच. खऱ्या कोचिंगमध्ये घरच्यांना आधी करू द्यायचं, काय जमलं ते त्यांनाच विचारायचं, मग एखादाच बदल सुचवायचा. हे काम हात लावण्यापेक्षा अवघड आहे, आणि माझ्या मते टिकतंही तेच. मूल बसायला, घास उचलायला शिकतं ते आंघोळीत आणि जेवताना. थेरपिस्ट तेव्हा घरात नसते.

पण घरचं म्हणजे कोण? नवी मुंबईतल्या घणसोली-ऐरोलीत अनेक घरांत आईवडील दोघंही सकाळची लोकल धरतात. दुपारचा वरणभात आजी भरवते, नाहीतर सांभाळणाऱ्या मावशी. थेरपिस्टची भेट मात्र संध्याकाळी, आई परतल्यावर, आणि फॉर्मवर सहीही तिचीच. भरवताना मान कशी धरायची हे आजीला कुणी दाखवलेलंच नसतं.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ३६ महिन्यांचं, १४० कृतींचं वेळापत्रक अंगणवाडीताईंच्या हाती दिलं. घरभेटीत घरच्यांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. मोठ्या गृहसंकुलांत ही भेट सहसा होत नाही. तिथे कुणाला शिकवायचं हे थेरपिस्टशी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं लागतं, आणि तेही आजी घरात असतानाच.