टेबलबेस आणि पन्नास खेळ्यांचा नियम

बुद्धिबळाच्या पटावर मोजक्याच सोंगट्या उरल्या असता संभवणाऱ्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल संगणकाने आधीच काढून ठेवलेला संग्रह म्हणजे एंडगेम टेबलबेस. मात झालेल्या स्थितींपासून उलट दिशेने गणित करत तो तयार होतो, आणि आज राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतच्या एंडगेम त्यात आल्या आहेत. लागोपाठ पन्नास खेळ्यांत दोन्हीपैकी कोणाचेही प्यादे हलले नाही आणि काहीही मारले गेले नाही, तर खेळाडूला बरोबरीचा दावा करता येतो. त्यामुळे निकाल केवळ मांडणीवर नव्हे, तर अशा किती खेळ्या आधीच होऊन गेल्या यावरही ठरतो. ही मोजणी प्रत्येक स्थितीसोबत नोंदवायची, तर संग्रह कितीतरी पटींनी फुगेल.

पन्नास खेळ्यांच्या मर्यादेचा पेच ठळक झाला तो दोन उंट विरुद्ध एक घोडा या एंडगेममध्ये. क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी १८५१ मध्ये दाखवलेल्या बचावामुळे, म्हणजे घोडा बी२, बी७, जी२ किंवा जी७ या घरात ठेवून राजा त्याच्याजवळ राखण्यामुळे, ती बरोबरीची समजली जात असे. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांच्या संगणकाने १९८३ मध्ये सिद्ध केले, की हा बचाव फोडता येतो आणि सर्वसाधारणपणे उंटांची बाजू जिंकते. मात्र त्यासाठी कधीकधी ६६ खेळ्या लागतात. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने पुढे काही ठरावीक एंडगेमसाठी मर्यादा वाढवून पाहिली, पण १९९२ मध्ये हे अपवाद रद्द केले.

येवगेनी नालिमोव्ह यांच्या टेबलबेसमध्ये मात होईपर्यंतचे अंतर साठवलेले असते आणि पन्नास खेळ्यांचा नियम विचारात घेतलेला नसतो. त्यामुळे सर्वांत जलद मातेचा मार्गच प्रत्यक्ष डावात घातक ठरू शकतो: साठ खेळ्यांत मात होत असेल, पण पहिले प्यादे बावन्नाव्या खेळीला हलत असेल, तर विजय हातचा जातो, सत्तर खेळ्यांचा, पण तिसाव्या खेळीलाच प्यादे पुढे नेणारा मार्ग तो टिकवू शकतो.

रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी टेबलबेसने (२०१३) यावर समाधानकारक तोड काढली. त्यात विजय, बरोबरी आणि पराभव यांच्या जोडीला ‘कर्स्ड विन’ आणि ‘ब्लेस्ड लॉस’ असे दोन निकाल आहेत, म्हणजे मात शक्य असूनही नियमामुळे बरोबरीत सुटणारा विजय आणि त्याची दुसरी बाजू. वेगळ्या तक्त्यात पुढील प्यादे-खेळीपर्यंतचे किंवा मारापर्यंतचे अंतर अर्धखेळ्यांत (एका बाजूची एक चाल म्हणजे एक अर्धखेळी) असते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते: हे पाच निकाल मोजणी शून्यावर आहे असे धरून दिलेले असतात. अंतर ९० अर्धखेळ्यांचे असेल आणि २० आधीच होऊन गेल्या असतील, तर बेरीज शंभरावर जाते आणि तक्त्यातला ‘विजय’ अचूक बचावापुढे बरोबरीत विरतो. याच कारणाने स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारे इंजिन शोध घेताना निकालाचा तक्ता केवळ मोजणी शून्यावर आली असतानाच वाचते. निव्वळ अंतराच्या तक्त्यावर चालणारा खेळ मात्र विचित्र दिसतो; मोजणी शून्यावर आणण्यासाठी तो जिंकता जिंकता एखादा मोहरा देऊनही टाकतो, म्हणून तंत्र शिकू पाहणाऱ्याने त्याचे अनुकरण करू नये.

सहा सोंगट्यांपर्यंतचे सिझिजी तक्ते सुमारे १५० जीबी भरतात, सातांचे कित्येक टीबी. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धांची दीर्घ परंपरा जोपासली. तिथल्या खेळाडूला आज हे निकाल लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. डावात मात्र मोबाईल जवळ बाळगता येत नाही, आणि पन्नास खेळ्यांचा दावा खेळाडूने स्वतःच पंचांकडे करायचा असतो. दावा कोणीच केला नाही, तर २०१४ पासून ७५ खेळ्यांनंतर डाव आपोआप बरोबरीत संपतो. परंतु प्रतिस्पर्धी पन्नासाव्या खेळीलाच दावा करू शकत असल्याने टेबलबेस ती मर्यादा हिशेबात धरत नाहीत.

पत्रबुद्धिबळात परिस्थिती उलट आहे. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांत टेबलबेसच्या आधारे विजयाचा दावा करता येतो आणि अशा दाव्याला पन्नास खेळ्यांचा नियम लागू होत नाही, त्यामुळे ‘कर्स्ड विन’ हा पूर्ण विजयच धरला जातो.