पार्श्वभूमी : लुळेपणाची दोन रूपे आणि रक्तातील प्रतिपिंडे

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांतून, पायांना मुंग्या येऊन बळ गेल्याची तक्रार घेऊन रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले आणि गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे मज्जातंतूंच्या आजाराचे नाव घरोघरी पोहोचले. संशयित धरून रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जिवाणू आढळला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. फिजिओथेरपीच्या अनेक विद्यार्थ्यांना रक्त आणि रोगप्रतिकारशक्ती हा विषय पहिल्या वर्षी परीक्षेपुरता भेटतो. त्या आठवड्यांत तो पुण्यातील रुग्णालयांत खाटेवर पडलेला दिसला.

रक्त गोठू न देता नळीत उभे ठेवले, तर तळाशी तांबड्या पेशींचा दाट थर बसतो, त्यावर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स यांचा जेमतेम दिसणारा पापुद्रा येतो आणि वर निम्म्याहून अधिक भाग फिकट पिवळ्या रक्तद्रवाचा उरतो. इतिहासात लक्ष आधी गेले ते पेशींकडे. हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले, लेवेनहूकने १६७४ मध्ये तांबड्या पेशींचे वर्णन केले आणि प्लेटलेट्सचे काम बिझ्झोझेरोने १८८२ मध्ये दाखवले. वरच्या पिवळ्या द्रवाचे महत्त्व मात्र १८९० मध्ये ठसठशीतपणे पुढे आले. त्या वर्षी बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले, की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातील सीरम दुसऱ्या प्राण्याला टोचले, तर तोही त्या विषापासून वाचतो. रक्त गोठून गेल्यावर उरलेल्या द्रवातच, म्हणजे सीरममध्येच, संरक्षण होते. त्यातील घटकांना आपण आज प्रतिपिंडे म्हणतो. हडपसरमध्ये १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या नावात हाच शब्द आहे, हे पुण्याच्या विद्यार्थ्याने जरूर लक्षात ठेवावे.

जंतू गिळणाऱ्या पेशी महत्त्वाच्या की द्रवातील प्रतिपिंडे, यावर मेच्निकोव्ह आणि एर्लिख यांच्या पक्षांत बराच वाद झाला. १९०८ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. पुढे दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या.

फिजिओथेरपीशी या इतिहासाचे नाते जुळते ते पोलिओमुळे. भारतात या विषयाचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले, आणि त्यामागे पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांची गरज होती. त्याच सुमारास एक मोठा गैरसमज दूर झाला. पोलिओचा विषाणू थेट मज्जातंतूंतूनच मज्जारज्जूपर्यंत जातो, असे बराच काळ मानले जाई. तसे असते, तर रक्तातील प्रतिपिंडांचा उपयोग मर्यादितच राहिला असता. १९५२ मध्ये डोरोथी हॉर्स्टमन आणि डेव्हिड बोडियन यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की लुळेपण येण्याच्या काही दिवस आधी हा विषाणू रक्तात असतो. म्हणजे त्याला वाटेतच अडवता येते. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, साल्क यांची लस वापरात आली. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग, ज्यात भारत येतो, पोलिओमुक्त घोषित झाला. पोलिओतील लुळेपण म्हणजे वेळेवर पुरेशी प्रतिपिंडे नसण्याची किंमत होती.

जीबीएसमध्ये नेमके उलटे घडते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचे वर्णन लिहिले : हातापायांतील बळ गेलेले, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा झालेल्या, पाठीच्या पाण्यात प्रथिने वाढलेली, पण पेशी मात्र वाढलेल्या नाहीत. कारण कळायला पुढे कित्येक दशके लागली. कॅम्पायलोबॅक्टरच्या आवरणातील काही शर्करायुक्त रेणू आपल्या मज्जातंतूंवरील गँग्लिओसाइड्स या शर्करायुक्त मेद-रेणूंसारखे दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे या साम्यामुळे मज्जातंतूंवरच चालून जातात. म्हणूनच जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे उलटल्यावर पाय लटपटू लागतात, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा काळ लागतो. उपचारही याच पिवळ्या द्रवाशी निगडित आहेत. रक्तद्रव बदलण्याचा उपयोग १९८० च्या दशकात सिद्ध झाला आणि हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे तितकेच प्रभावी असल्याचे १९९२ मधील डच चाचणीने दाखवले. त्या छोट्या काचेच्या बाटलीतून थेंबथेंब उतरणारे औषध म्हणजे अनोळखी माणसांची प्रतिपिंडे असतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

या पार्श्वभूमीचा व्यवहारातील अर्थ खाटेपाशी कळतो. जीबीएसच्या अनेक रुग्णांना सुरुवातीला पाऊल वर ओढता येत नाही. मज्जातंतूंची हानी अजून चालू असताना स्नायूंना थकेपर्यंत राबवणे हितावह नसते, म्हणून सांधे हलते ठेवणे, अंगस्थिती बदलणे आणि श्वसनाकडे लक्ष देणे यांवर भर राहतो. बळ परतू लागल्यावर, थकवा पाहून, व्यायाम हळूहळू वाढवतात. दरम्यान निपचित पडलेल्या पायात रक्त दुसरेच संकट आणते. फिर्खो यांनी १८५६ च्या सुमारास गुठळीविषयी केलेल्या मांडणीतून रक्तप्रवाहाचे मंदावणे, वाहिनीच्या भिंतीची इजा आणि रक्ताची वाढलेली गोठण्याची प्रवृत्ती ही तीन कारणे पुढे आली. आठवडेच्या आठवडे न हललेल्या पायाला यांपैकी पहिले कारण तर हमखास लागू होते. म्हणून पाय हातात घेण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि एकच पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी लागली, तर व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना बोलवावे.